देव ज्याला पाप म्हणतो, त्याला मी काय म्हणतो?

आजचे शास्त्रवाचन : 1 योहान 1:5-10 आणि लूक 19:1-10



आज मननाआधी एक साक्ष द्यायची आहे. ती माझ्या सेवेची नाही, माझ्या पापाची आहे. म्हणूनच लिहायला इतके दिवस लागले.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. आमच्या सिस्टीममधून ग्राहकांच्या खात्यातले पैसे दरमहा घेतले जातात. एकच रक्कम दोनदा कापली जाऊ नये म्हणून त्यात एक तपासणी ठेवलेली असते. एका शुक्रवारी रात्री रिलीज अडकला होता आणि मला दहिसरला घरी पोचायची घाई होती. मी ती तपासणी सर्व्हरवर तात्पुरती बंद केली, काम उरकलं आणि ती परत सुरू करायला विसरलो. शनिवार-रविवारी काही ग्राहकांचे पैसे दोनदा कापले गेले.

सोमवारी मीटिंग झाली. सर्व्हरवरची ती सेटिंग कोणी बदलली याची नोंद राहत नव्हती. नोंद राहत होती ती कोडची, आणि कोडमधला शेवटचा बदल आमच्या टीममधल्या नव्या मुलाचा होता. त्याला विचारलं गेलं. तो गोंधळला. "कदाचित माझ्याकडूनच झालं असेल," एवढंच म्हणाला. मी त्याच्या समोरच्या खुर्चीवर बसलो होतो. मी काहीच बोललो नाही. त्याचं प्रोबेशन तीन महिन्यांनी वाढलं.

"मी खोटं बोललो नाही, फक्त गप्प बसलो." हे वाक्य मी त्या आठवड्यात स्वतःला किती वेळा ऐकवलं असेल! आणि त्याच रविवारी तरुण संघात मला शिकवायचं होतं. विषय होता, पापाची क्षमा. सगळे म्हणाले, छान शिकवलंस.

प्रियांनो, त्या रात्री मला झोप लागली नाही. मी पापाविषयी खरं ते शिकवलं होतं. वचनंही बरोबर दिली होती. फक्त ज्या पापावर मी बसलो होतो, त्याला मी पाप म्हणायला तयार नव्हतो.

योहान कोणाला लिहितो?

आजचा उतारा आपण अनेकदा नव्या लोकांना तारणाची वाट दाखवताना वापरतो. पण पुढच्याच अध्यायात पहिल्या वचनात योहान वाचकांना आपली मुले म्हणून हाक मारतो. म्हणजे हे पत्र बाहेरच्यांना नाही, मंडळीतल्या लोकांना आहे. आणि तो "तुम्ही" म्हणून बोट दाखवत नाही, "आपण" म्हणून स्वतःलाही त्यात धरतो.

या उताऱ्यात "आपण असे म्हटले तर" या अर्थाची सुरुवात तीन वेळा येते. वचन 6, वचन 8 आणि वचन 10. पवित्र शास्त्र उघडून ही तीन वचनं एकाखाली एक वाचा. एक उतरण दिसेल.

वचन 6 मधला माणूस म्हणतो की माझी देवाबरोबर संगती आहे, पण तो चालतो अंधारात. योहान म्हणतो, तो लबाडी करतो. इथे फसवणूक इतरांची आहे.

वचन 8 मधला माणूस म्हणतो की माझ्या ठायी पापच नाही. तो आता स्वतःलाच फसवतो.

वचन 10 मधला माणूस म्हणतो की मी पाप केलेलंच नाही. तो तर देवाला लबाड ठरवतो.

आधी दुसऱ्यांशी खोटं, मग स्वतःशी, आणि शेवटी देवालाच खोटं पाडणं. मी सोमवारी वचन 6 वर होतो. मीटिंगमध्ये गप्प आणि रविवारी पुढच्या बाकावर. बुधवारपर्यंत वचन 8 वर आलो. "थकवा होता, दबाव होता, तो मुलगाही कुठे फार काळजीने काम करतो?" आणि शुक्रवारी मी वचन 10 च्या दारात उभा होतो. "मी काही केलंच नाही."

वचन 7 आणि वचन 9 या उतरणीवरचे दोन कठडे आहेत. प्रकाशात चाला आणि पाप पदरी घ्या. तसं केलं तर देव क्षमा करायला आणि शुद्ध करायला विश्वासू आहे.

कबूल करणे म्हणजे काय?

वचन 9 मध्ये कबूल करण्यासाठी जो मूळ ग्रीक शब्द आहे, तो "होमोलोगेओ". त्याचे दोन भाग आहेत. "होमो" म्हणजे तेच, सारखं. "लोगेओ" चा संबंध बोलण्याशी आहे. म्हणजे कबूल करणे याचा मूळ अर्थ, तेच म्हणणे. माझ्या पापाविषयी देव जे म्हणतो, तेच मीही म्हणणे.

इथे मी पकडला गेलो. देव त्याला खोटी साक्ष म्हणत होता, मी त्याला गप्प बसणं म्हणत होतो. देव म्हणत होता, तू शेजाऱ्याचं नुकसान केलंस. मी म्हणत होतो, परिस्थिती तशी होती. रोज रात्री मी प्रार्थनेत "प्रभू, माझी पापं क्षमा कर" म्हणायचो, पण ते अनेकवचन होतं. अनेकवचनात लपायला खूप जागा असते.

दावीदाचं बघा (2 शमुवेल 12). नाथान संदेष्टा गरीब माणसाच्या मेंढीची गोष्ट सांगतो, तेव्हा दावीदाला अन्यायाची चीड येते. त्या श्रीमंत माणसाला तो लगेच शिक्षाही ठरवतो. त्याला पाप कळत नव्हतं असं नाही. दुसऱ्याचं पाप त्याला स्पष्ट कळत होतं. तो माणूस तूच आहेस, हे नाथानाने सांगितल्यावर मात्र त्याने कारणं दिली नाहीत. मी परमेश्वराविरुद्ध पाप केलं, एवढंच त्याने मान्य केलं. हाच तो "होमोलोगेओ".

सेवेत असलेल्या माणसाचं काय?

मला वाटायचं, हे धडे नव्या विश्वासणाऱ्यांसाठी आहेत. माझा बाप्तिस्मा झाला, मी शिकवतो, मी कशाला? तेव्हा मला पंडिता रमाबाईंची साक्ष आठवली.

रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे झाला. पुढे त्या अमेरिकेला गेल्या, तिथे विधवांसाठी मदत उभी केली, आणि 1889 साली मुंबईत शारदा सदन सुरू केलं. नाव होतं, त्याग होता, सेवा होती. तरी 1907 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत त्यांनी स्पष्ट लिहिलं आहे की इतकी वर्षं त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण स्वतः ख्रिस्त मिळाला नव्हता. बाप्तिस्म्यानंतर जवळजवळ आठ वर्षांनी हे त्यांच्या लक्षात आलं. विल्यम हॅस्लम नावाच्या एका इंग्रज धर्मगुरूचं आत्मकथन त्यांच्या वाचनात आलं होतं. स्वतःच्याच व्यासपीठावरून उपदेश करता करता त्या गृहस्थाचं मन पालटलं होतं! रमाबाईंना त्यात स्वतःची स्थिती दिसली. मग चांगलं होण्याची स्वतःची धडपड बाजूला ठेवून त्या एक पापी म्हणून, जशा होत्या तशा, प्रभूकडे आल्या.

जरा विचार करा. संस्कृत पंडिता, जगभर नाव झालेली स्त्री. त्यांना ही गोष्ट झाकून ठेवता आली नसती का? कोणी विचारतही नव्हतं. पण त्यांनी ती छापली. आणि त्या विश्वासाचं फळ दिसलं. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन शेकडो मुली आणि विधवांना घेऊन आल्या. केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. 1905 साली तिथे आत्मिक जागरण झालं, आणि त्यातही प्रार्थनेबरोबर पापांची कबुली होती. साध्या बायकांना समजेल अशा मराठीत पवित्र शास्त्र यावं म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि 1922 साली प्रभूकडे जाईपर्यंत भाषांतराचं काम करत राहिल्या.

सेवा मोठी असली म्हणून ती विश्वासाच्या जागी बसत नाही, हे मी त्यांच्याकडून शिकलो. माझ्या तरुण संघाचं तर नावच सोडा.

देवाजवळ कबूल केलं, आता पुढे?

शेवटी मी पत्नीला सगळं सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती. मी म्हणालो, "देवाजवळ क्षमा मागितली आहे." ती म्हणाली, "अरे, चांगलं केलंस. पण प्रोबेशन देवाचं वाढलेलं नाही. त्या मुलाचं वाढलंय."

मला जक्कय आठवला. येशू त्याच्या घरी आला आणि जक्कयाने उभं राहून सांगितलं की ज्याचं मी लुबाडलं असेल त्याला चौपट परत देईन. नियमशास्त्र (गणना 5:6-7) सांगत होतं की पाप कबूल करावं, आणि ज्याचं नुकसान केलं त्याला पूर्ण भरपाई आणि वर पाचवा हिस्सा द्यावा. जक्कय त्याच्याही पुढे गेला. पण क्रम लक्षात ठेवा. त्याने चौपट दिलं म्हणून येशू त्याच्या घरी गेला नाही. येशू आधी त्याला नावाने हाक मारून त्याच्या घरी उतरला, मग त्याची मूठ उघडली. भरपाईने तारण विकत मिळत नाही. पण तारण घरात आलं की मूठ बंद राहत नाही. याकोब 2:19 आठवा. देव एकच आहे हे भुतंही मानतात आणि थरथर कापतात. पण त्यांच्यापैकी कोणी कोणाचं काही परत केल्याचं मी वाचलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरला सांगितलं. नंतर त्या मुलाला. मॅनेजर नाराज झाले, ते साहजिकच होतं. त्या वर्षी माझं रेटिंग खाली गेलं. मुलाचं प्रोबेशन पूर्ववत झालं. त्याने माझं ऐकून घेतलं, "ठीक आहे" म्हणाला आणि निघून गेला. आजही तो माझ्याशी कामापुरतंच बोलतो. मला वाटलं होतं, सत्य सांगितलं की सगळं लगेच गोड होईल. तसं झालं नाही. क्षमा करणं त्याच्या हातात आहे, मी ती मागून घेऊ शकत नाही. पण त्या रात्री मी प्रार्थनेला बसलो तेव्हा बऱ्याच दिवसांनी माझं पाप एकवचनात होतं, आणि देव जवळ होता.

खरा विश्वासणारा म्हणजे ज्याच्या हातून कधीच पाप होत नाही तो नव्हे. तसं म्हणणाऱ्याला योहान काय म्हणतो ते आपण वर पाहिलं. देव ज्याला पाप म्हणतो त्याला तेच नाव देऊन जो प्रकाशात येतो, आणि मग ज्याचं नुकसान केलं त्याच्या दाराशी जातो, तो खरा विश्वासणारा.

आज स्वतःला विचारू या

1. असं कोणतं पाप आहे ज्याला मी सौम्य नाव दिलं आहे? "स्वभाव", "व्यवहार", "सगळेच करतात"?

2. माझी प्रार्थना अनेकवचनात आहे की एकवचनात?

3. माझ्या गप्प बसण्याची किंमत आज दुसरं कोणी भरत आहे का? असेल, तर त्याच्याकडे मी कधी जाणार? दिवस ठरवा.

प्रार्थना

हे स्वर्गीय पित्या, तू प्रकाश आहेस आणि तुझ्यापासून काही लपत नाही. मी माझ्या पापाला जी गोड नावं दिली ती काढून टाक. तू जे म्हणतोस तेच म्हणायला मला धैर्य दे. तुझ्या पुत्राच्या रक्ताने मला शुद्ध कर. आणि ज्याचं मी नुकसान केलं, त्याच्याकडे चालत जाण्याइतकं बळ माझ्या पायांत दे. त्या माणसालाही तू आशीर्वाद दे. येशूच्या नावाने मागतो, आमेन.

देव आपणां सर्वांना आशीर्वादित करो.