नव्या गाडीचे फाजील लाड

मुरगुडात नवी गाडी आली की तिचा पहिला रस्ता ठरलेला असतो. शोरूममधून हार घालून निघायचं, अंबाबाई, जमलं तर जोतिबा, आणि घरी पोचायच्या आत आदमापूरला बाळूमामांचा भंडारा. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती पुढच्या महिना-दोन महिन्यांबद्दल. कोण म्हणतो, चाळीसच्या वर जाऊ नका. कोण म्हणतो, आजकालच्या गाड्यांना काही होत नाही, ताणा बिनधास्त. पहिला सल्ला शहाण्यासारखा वाटतो, म्हणून लोक तोच ऐकतात. माझ्या मते दोन्हींत जास्त फसवा तोच आहे.

माझी उमेदीची वर्षं कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या एका रिबोअरच्या शॉपमध्ये गेली. जीप, ट्रॅक्टर, उसाचे ट्रक, नदीकाठची पाणी उपसायची ऑईल इंजिनं, सगळ्यांचे ब्लॉक आमच्याकडं यायचे. बोअर मारून झाला की शेवटी होनिंग. दगड फिरवत खाली-वर करायचा, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीवर तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा उठतात. नवा माणूस विचारायचाच, एवढं गुळगुळीत केलेलं परत कशाला ओरखडता? तर त्या रेघांत ऑईल धरून राहतं, आणि त्यांच्यावरच रिंगा घासून बसतात. नव्या रिंगेची कड आणि नवी भिंत सुरुवातीला सगळीकडून चिकटत नाहीत. दोघींचे उंचवटे थोडेथोडे झिजले की मग फट बुजते.

रिंग भिंतीवर दाबते ती काही फक्त स्वतःच्या ताणानं नाही. पेट्रोल पेटलं की वरचा वायू रिंगेच्या मागच्या खाचेत शिरतो आणि तिला बाहेर ढकलतो. इंजिनावर ओझं असेल तर हा दाब चांगला येतो. ओझंच दिलं नाही तर रिंग नुसती भिंतीवरून सरकत राहते, मागं राहिलेलं ऑईल जळून भिंतीवर चिकटतं आणि रेघा भरत जातात. शॉपमध्ये आम्ही म्हणायचो, बोअरला काच आली. एकदा काच आली की रिंग बसायची संधी गेली. आणि उलट, पहिल्याच दिवशी पूर्ण ताकदीनं ताणलं तर उंचवट्यांवर उष्णता साठते आणि रिंग भिंतीला ओरबाडते. ओझं हवं, पण मध्यम हवं आणि बदलतं हवं.

आमच्या साडूंची गोष्ट सांगतो. बँकेतून निवृत्त झालेला शिस्तीचा माणूस. पाडव्याला छोटी पेट्रोल गाडी घेतली. "दाजी, नवीन हाय, रेस करायची नाही," हे त्यांचं ब्रीद. मुरगूड-निपाणी रस्त्यावर पाचव्या गिअरमध्ये चाळीसनं जायचे. चढ आला तरी गिअर खाली नाही. गाडी थरथरायची, हे पाय अलगद दाबत राहायचे. एरवी गाडी घरापासून एसटी स्टँडपर्यंत आणि परत. इंजिन गरम व्हायच्या आत बंद. रोज सकाळी मात्र अंगणात पंधरा मिनिटं चालू ठेवून पुसायची. त्यांना वाटायचं, आपण गाडी जपतोय.

दुसऱ्या वर्षी डिपस्टिकवरचं ऑईल खालच्या खुणेच्याही खाली गेलं. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी सांगितलं, थोडं जातंच. थोडं जातं हे खरं, नव्या इंजिनात तर नक्कीच. पण हे थोडं नव्हतं. प्रत्येक वेळी किती किलोमीटरला किती ऑईल ओतलं ते साडूंनी बँकेतल्यासारखं वहीत लिहून ठेवलं होतं, म्हणून शेवटी वॉरंटीत हेड उघडलं. मी सोबत होतो. बॅटरीचा झोत बोअरमध्ये टाकला तर मधल्या पट्ट्यात होनिंगच्या रेघा दिसतच नव्हत्या. पिवळसर तपकिरी पापुद्रा, आणि त्यावर आरशासारखी चकाकी. सगळं खापर त्या चाळीसच्या वेगावर मी फोडणार नाही. रिंग कारखान्यातूनच उणी आली असेल. पण असे बोअर मी पूर्वीही पाहिलेत, आणि ते बहुतेक वेळा जास्त जपणाऱ्यांच्या इंजिनांतले असायचे.

चाळीसचा सल्ला आला कुठून? अॅम्बेसेडर आणि फियाटच्या जमान्यातून. तेव्हा मशीनिंग आजच्याइतकं नेमकं नव्हतं, नव्या इंजिनातून पहिल्या ऑईलबरोबर लोखंडाची चमकी निघायची, आणि काचेवर 'रनिंग इन' लिहून लोक हळू चालवायचे. आता कागलच्या पंचतारांकित वसाहतीतल्या मशीन शॉपमध्ये जाऊन बघा, मायक्रॉनच्या हिशेबात काम चालतं. निम्मं बसवणं कारखान्यातच होऊन येतं. पण रिंगेचं काम अजून तुमच्या पायाखालीच पुरं होतं.

कंपन्यांच्या पुस्तिका वेगळं काही सांगत नाहीत, फक्त त्या कोणी उघडत नाही. मारुती सुझुकीच्या पुस्तिकेत पहिल्या ९६० किलोमीटरची काळजी सांगितलेली असते. आकडा विचित्र वाटतो, पण तो ६०० मैलांचा हिशेब आहे. ह्युंदाईच्या पुस्तिका पहिल्या १००० किलोमीटरपर्यंत इंजिन २००० ते ४००० फेऱ्यांच्या दरम्यान ठेवा म्हणतात. दोघींचा सूर एकच: एकाच वेगानं फार वेळ जाऊ नका, थंड इंजिन ताणू नका.

ह्यासाठी आपला मुरगूड-मुधाळ तिट्टा-गारगोटी रस्ता झकास आहे. गावं, गतिरोधक, वळणं, चढ-उतार. वेग आपोआप बदलत राहतो. तिसऱ्या गिअरमध्ये निम्म्यापेक्षा थोडा जास्त पाय देऊन वेग वाढू द्या, मग पाय काढून गिअरवरच गाडी हळू होऊ द्या. पुन्हा तेच. पाय काढल्यावर सिलिंडरमध्ये ओढ तयार होते आणि भिंतीला ऑईल मिळतं. हंगामात उसाच्या दोन ट्रॉल्यांमागं अडकलात तर चौथ्यात रडत जाऊ नका, दुसरा टाका. कागलहून पुणे-बेंगळुरू महामार्गाला लागलात तर मधूनमधून वेग कमी-जास्त करा, आणि क्रूझ कंट्रोल असेल तर पहिले हजार किलोमीटर त्याला विसरा.

सकाळी चालू केल्यावर अर्धा मिनिट पुरे. मग निघा, पण हळुवार. उभ्या गाडीत इंजिन गरम होत नाही, नुसतं पेट्रोल जास्त जातं आणि त्यातलं काही भिंतीवरचं ऑईल धुऊन खाली उतरतं. काटा दिसतो तो पाण्याच्या तापमानाचा. ऑईल त्याच्यानंतर तापतं, म्हणून काटा मधोमध आल्यावरही चार-पाच किलोमीटर दमानं घ्या. टर्बोची गाडी चढ चढून आली असेल तर थांबल्यावर लगेच किल्ली फिरवू नका.

आणि ऑईल पुस्तिकेत लिहिलंय त्याच ग्रेडचं. आजच्या कित्येक पेट्रोल गाड्यांना ०डब्ल्यू-१६, ०डब्ल्यू-२० असली पातळ ऑईलं लागतात. "हे पाण्यासारखं हाय, जाड टाका" म्हणणारे मेस्त्री आपल्याकडं भरपूर आहेत. त्यांचा हात चांगला असतो, सल्ला जुना असतो. बाटलीतली ती जादूची औषधं तर नकोच.

माझ्या पुतण्यानं नेमकं उलटं केलं. पहिल्याच आठवड्यात घरचे सगळे भरले, टपावर सामान, आणि राधानगरीवरून फोंडा घाटानं मालवण. त्याच्या इंजिनाला काहीही झालं नाही, आजही ठणठणीत आहे, आणि ते मला ऐकवायला तो विसरत नाही. पण घाट उतरताना ब्रेकला जळका वास सुटला आणि पॅडल लांब जायला लागलं. नव्या पॅडना डिस्कवर बसायला साधारण ३०० किलोमीटर लागतात, टायरांनाही पकड यायला तेवढंच अंतर द्यावं. हे इलेक्ट्रिक गाडीलाही लागू आहे. घाट उतरायचाच तर गिअरवर उतरा.

ट्रॅक्टरवाल्यांसाठी वेगळं सांगायला हवं, कारण तिथं किलोमीटर नाही, तास मोजतात. पहिली सर्व्हिसिंग साधारण ५० तासांना असते. हंगामाच्या तोंडावर घेतलेला ट्रॅक्टर दुसऱ्याच दिवशी दोन भरल्या ट्रॉल्या जोडून बिद्री नाहीतर हमीदवाड्याच्या कारखान्याच्या रांगेत उभा असतो. ओढताना जीव जातो आणि रांगेत तासन्‌तास नुसता फुकट चालू असतो, म्हणजे दोन्ही चुका एकाच फेरीत. तेवढे पन्नास तास एकच ट्रॉली जोडा किंवा रोटाव्हेटर हलक्या जमिनीत चालवा, आणि रांगेत उभं राहिलात की इंजिन बंद करा.