पिशवीत ब्रश घेतला का?

घरातल्या कुणाला ॲडमिट करायचं ठरलं की धावपळ उडते. रिपोर्टची फाइल, मेडिक्लेमचं कार्ड, थर्मास, चादर, मोबाइलचा चार्जर असं सगळं पिशवीत जातं. टूथब्रश मात्र हटकून घरी राहतो. सलाइन लावलेल्या आजींनी चार दिवस दात घासले नाहीत तर असं काय बिघडणार?

बिघडतं ते फुप्फुसात.

दाखल होताना छाती साफ होती आणि ४८ तास उलटल्यावर न्यूमोनिया झाला, तर तो रुग्णालयात जडलेला न्यूमोनिया मानतात. नातेवाइकांचा पहिला संशय एसीवर जातो, दुसरा शेजारच्या खाटेवर खोकणाऱ्या पेशंटवर. जंतू मात्र बहुतेकदा रुग्णाच्या स्वतःच्या तोंडातूनच खाली उतरतात. झोपेत थोडी लाळ श्वासनलिकेत जाणं धडधाकट माणसातही घडतं; त्याचं शरीर ती निस्तरतं. आजारपणात दोन्हीकडून कोंडी होते. तोंडात नेहमीच्या जंतूंऐवजी क्लेब्सिएला, स्यूडोमोनास यांसारखे चिवट जंतू ठाण मांडू लागतात. गंभीर आजाऱ्यांच्या घशात असे जंतू सापडतात, हे अमेरिकेत डॅलसच्या डॉक्टरांनी १९६९मध्येच दाखवलं होतं. त्यात दुखण्यामुळे आणि गुंगीच्या औषधांमुळे खोकल्यातला जोर जातो. असे जंतू पुष्कळदा नेहमीच्या अँटिबायोटिक्सना दाद देत नाहीत, म्हणून हे दुखणं घरी झालेल्या न्यूमोनियापेक्षा जड जातं.

यावर ब्रश हा उपाय फारच साधा वाटतो, पण त्याचे आकडे आहेत. जपानमध्ये वृद्धांच्या ११ शुश्रूषागृहांत काही जणांचे दात प्रत्येक जेवणानंतर घासून दिले गेले, बाकीच्यांचं नेहमीसारखं चालू राहिलं. दोन वर्षांत दुसऱ्या गटातल्या १९ टक्के लोकांना न्यूमोनिया झाला, पहिल्या गटात ११ टक्क्यांना. पुढे २०२३मध्ये रुग्णालयांतल्या १५ चाचण्यांचा एकत्र आढावा निघाला. दात घासलेल्या रुग्णांत न्यूमोनिया सुमारे एक तृतीयांशाने कमी होता आणि सर्वांत जास्त फायदा व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांना झाला होता. क्लोरहेक्सिडिनच्या औषधी गुळण्यांनी मात्र पूर्वीची पत गमावली आहे. व्हेंटिलेटरच्या रुग्णांसाठी त्या नकोत, असं अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी २०२२मध्ये सांगितलं.

कवळी असेल तर ती रात्री काढून, धुऊन ठेवावी.

दुसरी गोष्ट खाटेची. बार्सिलोनातल्या एका रुग्णालयात व्हेंटिलेटरवरच्या काही रुग्णांना उताणं, तर काहींना डोक्याकडची बाजू ४५ अंश उचलून ठेवलं. १९९९मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात न्यूमोनियाची शंका आलेल्यांचं प्रमाण उताण्या गटात ३४ टक्के होतं, दुसऱ्यात ८. आपल्याकडे आयसीयूबाहेर पथ्यपाण्याचं बरंचसं नातेवाईकच पाहतात, आणि पडल्या पडल्या चमच्याने पेज भरवणं ही मायेची रीतच आहे. ती मोडायला हवी. नर्सला विचारून खाट उचलावी, रुग्ण पूर्ण जागा असताना, बसवूनच भरवावं आणि जेवणानंतर अर्धा तास तरी तसंच बसू द्यावं. अर्धांगवायू झालेल्याला तर गिळण्याची तपासणी होईपर्यंत पाण्याचा घोटही देऊ नये.

खुब्याचं ऑपरेशन झालेल्या आजींना ‘आराम करू दे’ म्हणून आठवडाभर आडवं ठेवण्यातही शहाणपण नाही. सर्जनने परवानगी दिली की त्याच दिवशी खुर्चीत बसवावं, दीर्घ श्वास घ्यायला आणि मुद्दाम खोकायला लावावं. टाके दुखतात, पोटावर उशी दाबून धरली की पोटाच्या ऑपरेशननंतर खोकणं सुसह्य होतं.

वयस्कर माणसांत ताप किंवा खोकला नसतानाही न्यूमोनिया असू शकतो. काल नीट बोलणारे आजोबा आज असंबद्ध बरळू लागले, अन्नावरची वासना गेली, श्वास भराभर चालू लागला, तर ‘वयामुळे असेल’ म्हणून राउंडची वाट पाहू नका. लगेच नर्सला बोलवा.

आणि रुग्ण आयसीयूत असेल तर ब्रशवर नाव लिहून तो तिथल्या नर्सकडे द्या. नळी घातलेल्या रुग्णाचे दात त्यांनीच घासायचे असतात. ते रोज होतं का, हे विचारायला संकोच करू नका.