पोटातले बाळ शी-शू कुठे करते?



म्हातारी माणसे म्हणतात, "माझी नाळ याच गावात पुरली आहे." ही नाळ काय काम करते, ते मी आज सांगणार आहे.

अंबरनाथ-उल्हासनगरचे सांडपाणी वालधुनी नदीत जाते आणि नदी काळी पडते. बाळ नऊ महिने पोटात असते, तरी तिथे तसे होत नाही. कारण तिथली सोयच निराळी.

गर्भाशयाला आतून वार चिकटलेली असते. वार आणि बाळ यांना नाळ जोडते. नाळेत तीन रक्तवाहिन्या असतात. एक बाळाकडे प्राणवायू व अन्न आणते. दोन बाळाचा कार्बन डायऑक्साइड व युरिया वारेकडे नेतात. आईचे व बाळाचे रक्त एकमेकांत मिसळत नाही. मधल्या पातळ पडद्यातून ही घाण आईच्या रक्तात जाते. मग आई ती श्वासावाटे आणि लघवीवाटे बाहेर टाकते. म्हणजे आई दोघांचे काम करते बरे का!

बाळ शू मात्र करते, अगदी तिसऱ्या महिन्यापासून! ती गर्भजलात मिसळते आणि बाळ तेच पाणी गिळते. शी! म्हणू नका. खरी घाण वारेतून गेलेली असते, म्हणून ही शू बहुतेक पाणीच असते. पुढच्या महिन्यांत गर्भजल मुख्यतः तिचेच बनते. ते लवकर फार कमी झाले, तर बाळाची फुफ्फुसे नीट वाढत नाहीत. सोनोग्राफीत डॉक्टर हे पाणी पाहतात.

शी मात्र बाळ आतड्यात साठवून ठेवते. ती हिरवट काळी, डांबरासारखी चिकट असते. जन्मानंतर बहुतेक बाळे 24 तासांत ती करतात. नाही केली तर डॉक्टरांना सांगावे. आईचे पहिले चिकाचे दूध तासाभरात पाजले, तर शी साफ व्हायला मदत होते. मध किंवा गुटी देऊ नये.

कधी कधी बाळ पोटातच शी करते. ती फुफ्फुसात गेली तर जीवाला धोका असतो. म्हणून बाळंतपणाआधी हिरवट किंवा काळपट पाणी गेले, तर सकाळची वाट पाहू नका. 108 ला फोन करून लगेच दवाखाना गाठा. माझ्या वर्गमित्रांनो, एवढे तरी आज घरी जाऊन नक्की सांगा.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी