फुलोरा येतो, रातांबा धरत नाही

प्रश्न : मालवणजवळ आमच्या परसात बियांपासून वाढलेलं कोकमाचं झाड आहे. दरवर्षी भरपूर फुलतं, पण एकही रातांबा लागत नाही. खत कमी पडतंय का?

उत्तर : खताचा दोष नाही. कोकमात नर आणि मादी झाडं वेगळी असतात आणि बियांपासूनच्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात. ते फुलेपर्यंत कळतही नाही, म्हणजे सात-आठ वर्षं पाणी घालायचं आणि मग कपाळाला हात!

येत्या हंगामात फूल उघडून बघा. मधोमध नुसता पिवळसर पुंकेसरांचा झुबका असेल तर झाड नर. हिरवी गोल गाठ दिसली तर मादी. मग शेजारी नर हवा. तो नसेल तर सकाळी ताजं उमललेलं नरफूल आणून त्याचे केसर मादीफुलाच्या टोकावर हलके टेकवा. परसातल्या एका झाडापुरतं हे जमतं, बागेत नाही.

नर झाड तोडू नका. नवीन लावायचं तर दापोली कृषी विद्यापीठाच्या ‘कोकण अमृता’ किंवा ‘कोकण हातीस’ची मृदकाष्ठ कलमंच घ्या. बागेत दहा टक्के नर पुरतात.