हात कुणाचे, हे नंतर ठरव

अगं, परवा फोनवर तू विचारलंस, ‘ताई, मशीनचे हात बरे, की गेलेल्या माणसाचे?’ आई शेजारीच होती, म्हणून मी विषय बदलला. आता नीट सांगते. हे दादाकडून वाचून घेऊ नकोस, मोबाइललाच वाचायला लाव. काही गोष्टी आपल्या दोघींतच राहू देत.

पहिलं म्हणजे, एक हात गेलेल्यांचे अनुभव ऐकून काही ठरवू नकोस. त्यांचा दुसरा हात नाडी सोडतो, केस विंचरतो, आणि कृत्रिम हात पुष्कळदा कपाटात जाऊन बसतो. तुझं तसं नाही, तुझे दोन्ही गेलेत. जेवणाचं निभतं, आई भरवते. खरी अडचण न्हाणीघरात आहे आणि पाळीच्या त्या चार दिवसांत आहे. आई पॅड बदलते तेव्हा तू भिंतीकडे बघत राहतेस, ते मी पाहिलंय. म्हणून कुठलाही हात दाखवला, तरी आधी एकच विचार: हा घेतल्यावर मला आतून कडी लावता येईल का?

बॅटरीवर चालणारे हात दिसतात झकास. उरलेल्या हाताचा स्नायू आवळला की त्यातून निघणारा बारीकसा विजेचा इशारा कातडीवरची पट्टी टिपते आणि बोटं मिटतात. पण बहुतेकांना पाणी चालत नाही, रात्री चार्जिंगला लावावे लागतात, आणि घामाने पट्टी घसरली की इशारा चुकतो. मे महिन्यात आपल्या अंजूरला काय होईल ते सांगायला नको. शिवाय स्पर्श नाहीच. पेला धरलाय की सुटलाय, हे डोळ्यांनीच बघायचं. म्हणजे अंधारात आणि पाठीमागे ते हात आंधळे.

खांद्याच्या पट्ट्याने आणि वायरने ओढायचा साधा हुक असतो ना, तो बघून तू ‘ई’ म्हणालीस. मला मात्र तोच आवडला. वायरच्या ताणावरून किती जोर लागलाय हे खांद्याला थोडंफार कळतं, मोडला तर दुरुस्त होतो, ओलाव्याचंही त्याला फारसं वावडं नसतं. हाजीअलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्थेत जाऊन माप दे. रोटरीच्या शिबिरांत ‘एलएन-४’ नावाचा प्लास्टिकचा हात फुकट बसवतात, तोही कोपराखाली पुरेसा भाग उरलेल्यांसाठीच असतो. तुझे दोन्ही कोपर शाबूत आहेत, ही केवढी शिल्लक आहे हे तुला अजून उमगलेलं नाही. फक्त विजेच्या शॉकने आतले स्नायू आणि नसा कुठवर भाजल्यात, ते आधी तपासून घ्यायला हवं. पुढचं सगळं त्यावरच ठरतं.

आता एक गोष्ट सांगते, ती ऐकून अंगावर काटा येईल. क्रुकेनबर्ग नावाच्या जर्मन सर्जनने १९१७ साली, पहिल्या महायुद्धात हात गेलेल्या सैनिकांसाठी एक शस्त्रक्रिया काढली. कोपराखालची दोन हाडं स्नायूंसकट एकमेकांपासून सोडवायची आणि त्यांचा चिमटा करायचा. दिसायला कसंसंच दिसतं, म्हणून सहसा कुणी सुचवतही नाही. पण चिमट्यावर कातडी आपलीच असते, त्यामुळे गरम-गार, ओलं-सुकं सगळं कळतं. अंधारात चालतो, पाण्यात चालतो, चार्जिंग नको. लोकांत जाताना त्यावर कृत्रिम हात चढवता येतो. तू करच असं मी म्हणत नाही. पण डॉक्टरांना नाव घेऊन विचार.

आणि प्रत्यारोपण. मोनिका मोरेचे व्हिडिओ तू रोज बघतेस. जानेवारी २०१४ मध्ये घाटकोपरला लोकल पकडताना ती फटीत पडली आणि दोन्ही हात गेले. मधली वर्षं तिनेही कृत्रिम हातांवर काढली. ऑगस्ट २०२० मध्ये परळच्या ग्लोबल हॉस्पिटलात डॉ. नीलेश सातभाई यांच्या चमूने तिला दोन हात जोडले. ते हात चेन्नईहून विमानाने आले होते. पुण्याच्या श्रेया सिद्दनगौडाला २०१७ मध्ये कोचीच्या अमृता रुग्णालयात दंडापासून हात बसवले, एका तरुण मुलाचे. पुढे ते बारीक झाले, रंगही तिच्या रंगाच्या जवळ आला, आणि तिने त्याच हातांनी परीक्षेचे पेपर लिहिले. हे ऐकून मन धावतं, माझंही धावलं. स्वतःची ऊब असलेला, स्वतःला कळणारा हात! तसं दुसरं काहीच नाही.

पण त्या व्हिडिओत मधला काळ दिसत नाही. नस रोज साधारण एक मिलिमीटर वाढते. मनगटाजवळ जोडलं तर बोटांपर्यंत पोचायला काही महिने, दंडापासून जोडलं तर वर्षं. तोवर रोज तासन्‌तास फिजिओथेरपी, आणि तेवढे दिवस तुझं परावलंबन आजच्याहून जास्त. शिवाय शरीर परका हात नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या, जन्मभर. त्यांनी किडनीवर ताण येतो, साखर वाढू शकते, जंतुसंसर्ग आणि कॅन्सरचा धोका वाढतो. अंजूरफाट्याची ती ट्रकची धूळ, पावसाळ्यातला ताप, सगळ्यांपासून जपायचं आणि रक्त तपासायला सारखं ठाणं ओलांडून परळ गाठायचं. आधुनिक काळातलं पहिलं हस्तप्रत्यारोपण १९९८ मध्ये फ्रान्समध्ये लिऑनला झालं. त्या गृहस्थांनी पुढे गोळ्या थांबवल्या, आणि २००१ मध्ये तो हात काढून टाकावा लागला. निकामी किडनी बदलली नाही तर जीव जातो किंवा डायलिसिसवर काढावं लागतं. हातांचं तसं नाही, तू त्यांच्याशिवायही धडधाकट आहेस. म्हणून मला भीती वाटते. आई म्हणते ‘पोरीला पुन्हा बांगड्या भरता येतील’. तिला सांगायचं मला धाडस होत नाही, की बांगड्यांसाठी किडनी पणाला लावायची नसते.

म्हणून माझं म्हणणं असं: आधी हुक घे, तो वापरून बघ, कडीपासून नाडीपर्यंत काय काय जमतं ते कळू दे. तेवढ्याने भागलं नाही तर प्रत्यारोपणाचा दरवाजा तेव्हाही उघडाच असेल. आधी प्रत्यारोपण केलं आणि ते फसलं, तर हात आजच्यापेक्षा वरून जाऊ शकतो. दादा घाई करेल. त्याला म्हणावं, आधी भरपाईचे कागद बघ. शॉक कामावर लागला, आणि दोन्ही हात जाणं हे कामगार भरपाईच्या कायद्याच्या परिशिष्टात अगदी पहिल्या ओळीत शंभर टक्के अपंगत्व म्हणून लिहिलेलं आहे. ठेकेदार ‘थोडंफार बघू’ म्हणतोय, त्याला वकिलाकडूनच उत्तर जाऊ दे.

परळला जाशील तेव्हा मला बोलव. तिथे एक प्रश्न विचारायचाच आहे. त्या गोळ्यांतल्या मायकोफेनोलेटने पोटातल्या बाळात व्यंग येऊ शकतं, म्हणून मूल हवं असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने ती आधीच बदलावी लागते. ‘लग्नानंतर काय?’ हे तू आईसमोर विचारायला लाजशील. मी विचारीन.