ऑइल इंजिनाच्या पाण्यावर तापणारा बंब

नाशिक जिल्ह्यात रब्बीचा हंगाम व कडाक्याची थंडी ही बरोबरच येतात. निफाड तालुक्यातील कुंदेवाडी येथील गहू संशोधन केंद्रावर थंडीच्या लाटेत पारा ५ अंश सेल्सिअसच्याही खाली उतरल्याच्या नोंदी आहेत. याच दिवसांत गहू, कांदा व द्राक्षे यांना पाणी द्यावे लागते. जेथे वीज पोचलेली नाही किंवा ती वेळेवर मिळत नाही, तेथे विहिरीवरील ऑइल इंजिन तासन्‌तास चालते. इंजिन थंड ठेवून बाहेर पडलेले पाणी पाटाला मिळते, आणि घरी मात्र स्नानाच्या पाण्यासाठी बंबात लाकूडफाटा जळत असतो. थोडी काळजीपूर्वक जोडणी केल्यास हे सरपण वाचविता येते.

उष्णता किती वाया जाते?

५ अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण भारावर तासाला सुमारे १ किलो डिझेल जाळते. त्यापासून सुमारे १०,००० किलोकॅलरी उष्णता निर्माण होते. तिचा साधारण तिसरा हिस्सा किंवा त्याहून कमी भाग पंप फिरविण्याच्या कामी येतो. सुमारे चौथा हिस्सा थंड करणारे पाणी घेऊन जाते. बाकीची उष्णता मुख्यतः धुरावाटे निघून जाते. म्हणजे पाण्यातून तासाला सुमारे २,५०० किलोकॅलरी बाहेर पडतात. १०० लिटर पाण्याचे तापमान २५ अंशांनी वाढविण्यास एवढी उष्णता पुरेशी असते.

बोटीवरील पद्धत

समुद्रावरील लहान बोटींत या उष्णतेचा उपयोग फार दिवसांपासून केला जातो. इंजिनातील गरम पाणी एका बंद टाकीतील नळीच्या वेटोळ्यातून फिरविले जाते. टाकीतील स्वच्छ पाणी वेटोळ्याच्या उष्णतेने तापते. इंजिनाचे पाणी व वापराचे पाणी एकमेकांत मिसळत नाही. विहिरीवर हेच तत्त्व लागू पडते. मात्र बंद टाकीत दाब वाढण्याचा धोका असल्यामुळे तिला सुरक्षा झडप लागते. शेतावर उघड्या तोंडाचे, सैल झाकणाचे भांडेच वापरावे.

जोडणीची रीत

पंपाच्या चढत्या नळातून एक बारीक नळी इंजिनाकडे नेलेली असते. तिच्यातील पाणी सिलिंडरभोवतीच्या पोकळीत खालून शिरते व वरच्या बाजूने बाहेर पडते. या बाहेर पडणाऱ्या पाण्याची नळी वेटोळ्याला जोडावी आणि वेटोळ्याचे दुसरे तोंड पाटावर उघडे सोडावे. १०० लिटरच्या भांड्यास २० मिलिमीटर व्यासाच्या सुमारे ८ मीटर नळीचे वेटोळे घ्यावे. जस्ती पिंपात तांब्याची नळी घातल्यास पिंप लवकर गंजते. म्हणून जस्ती पिंपास जस्ती नळी व तांब्याच्या भांड्यास तांब्याची नळी हा नियम पाळावा. तांब्याचे काम नाशिकच्या तांबट कारागिरांकडून चांगले करून घेता येते. भांड्याभोवती भाताचा पेंढा किंवा गोणपाट बांधल्यास उष्णता टिकून राहते.

इंजिन व वेटोळे यांच्यामधील सर्वांत उंच जागी उघड्या तोंडाची एक उभी नळी बसवावी. तिच्यावाटे हवा निघून जाते. पुढे वेटोळे तुंबलेच तर पाणी या नळीतून सांडू लागते व शेतकऱ्यास वेळीच सूचना मिळते.

घ्यावयाची काळजी

पाण्याचे प्रमाण कमीजास्त करण्याची तोटी इंजिनात पाणी शिरते त्या बाजूसच असावी. बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या मार्गात तोटी मुळीच बसवू नये. ती चुकून बंद राहिली तर पाणी कोंडून उकळते आणि इंजिन जाम होते. पाटावरील धार चालू आहे की नाही हे वारंवार पाहावे. पंपाने पाणी सोडल्यास ही धारही थांबते. अशा वेळी इंजिन ताबडतोब बंद करावे. तापलेल्या इंजिनात एकदम थंड पाणी सोडू नये. त्याने सिलिंडरच्या डोक्यास तडा जातो.

इंजिनातून आलेल्या पाण्यात गंज व तेलाचा अंश असू शकतो. ते स्नानास, जनावरांस किंवा दुधाच्या भांड्यांस वापरू नये. भांड्यातील वेगळे पाणीच वापरावे. पूर्वी औषधे किंवा रसायने भरलेले पिंप कितीही धुतले तरी या कामास घेऊ नये. खडकाळ जमिनीतील विहिरींचे पाणी पुष्कळदा जड असते. त्यातील क्षार वेटोळ्यात साचतात. म्हणून प्रत्येक हंगामापूर्वी वेटोळे उघडून साफ करावे.

इंजिनाचाही फायदा

अनेक ठिकाणी इंजिनातून गरजेपेक्षा फार जास्त पाणी सोडण्याची सवय आहे. पाणी जितके थंड तितके इंजिन सुखी, ही समजूत बरोबर नाही. इंजिन अति थंड राहिल्यास डिझेल नीट जळत नाही. न जळलेला अंश वंगणाच्या तेलात उतरतो, सिलिंडरच्या भिंतीवर आम्ल जमते व रिंगा लवकर झिजतात. बाहेर पडणाऱ्या पाण्याचे तापमान सुमारे ६० अंश राहील अशा बेताने तोटी लावावी. इंजिनाच्या माहितीपुस्तकात निराळा आकडा असेल तर तो पाळावा. तापमान उष्णतामापकाने पाहावे, हाताने अजमावू नये. ५ अश्वशक्तीच्या इंजिनास ६० अंश राखण्यासाठी तासाला साधारण ७५ ते ८० लिटर पाणी पुरते, हे कळल्यावर पुष्कळांस आश्चर्य वाटेल.

या बेताने इंजिन चालविल्यास १०० लिटर पाणी सुमारे दोन तासांत स्नानायोग्य तापते. पहाटे पाणी देण्यास सुरुवात केली, तर दिवस वर येईपर्यंत घरातील सर्वांच्या स्नानाची सोय होते. दुधाची भांडी धुण्यास हे पाणी उपयोगी पडते. ती निर्जंतुक करण्यासाठी शेवटी उकळते पाणीच वापरावे. हवेने थंड होणाऱ्या इंजिनास व विजेच्या पंपास मात्र ही जोडणी लागू पडत नाही. केवळ पाणी तापविण्यासाठी इंजिन चालविणे तोट्याचे आहे. पिकासाठी जाळलेल्या डिझेलातून जी उष्णता आपोआप बाहेर पडते, तीच घराच्या कामी आणावी आणि त्या निमित्ताने इंजिनाच्या पाण्यावर रोज लक्ष ठेवावे, यातच या जोडणीचा खरा लाभ आहे.