पर्जन्यवृक्ष की अळू?

हॉस्टेलच्या मागे नळाचं पाणी सांडतं तिथे काय लावायचं, यावर मेसमध्ये वाद झाला. माझं मत पर्जन्यवृक्षाला होतं. मध्य व दक्षिण अमेरिकेतून आलेलं हे झाड छत्रीसारखं पसरतं, संध्याकाळी आणि पावसाळी हवेत पानं मिटतं. त्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन धरतात. पुढे पालापाचोळ्यातून तो मातीला मिळतो. पण वरवर पसरणारी मुळं फरशी उचलतात, आणि आमची भिंत जेमतेम दहा फुटांवर! शिवाय सावली धरेपर्यंत आम्ही पास होऊन गेलेलो असणार (एटीकेटी धरूनसुद्धा).

अळूला ओल आणि अर्धी सावली चालते. दोनेक महिन्यांत पानं, पुढे कंद. फक्त त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, म्हणून घसा खवखवतो. चिंच किंवा आमसूल घालून नीट शिजवायचं. मेसच्या मावशींना हे शिकवायला जाऊ नये.

शेवटी नळापाशी अळू लावलं आणि पर्जन्यवृक्षाचं रोप मैदानाच्या कडेला, इमारतीपासून लांब. त्याला पाणी घालायची पाळी या आठवड्यात माझी आहे.